उरलेली ऊब

कमान वाजली तेव्हा वरणखेड्याच्या केळीपीठ कारखान्यात सकाळची पाळी रंगात आली होती.

पॅकिंगच्या टोकाला माणूस सहज जाईल एवढी मोठी लोखंडी कमान बसवलेली होती. पिठाची प्रत्येक पिशवी पट्ट्यावरून सरकत तिच्याखालून जायची. पिशवीत नेहमीपेक्षा जरासा जरी जास्त किरणोत्सार सापडला तरी लाल दिवा लागून भोंगा वाजायचा. कारखाना सुरू झाल्यापासून तो भोंगा फक्त चाचणीच्या दिवशी वाजला होता. आज चाचणी नव्हती.

बायकांचे हात जागच्या जागी थांबले. कापणी विभागातून कुणीतरी ओरडलं, "भट्टी फुटली वं!" आणि एकच पळापळ झाली.

हेमांगी भंगाळे पलीकडच्या खोलीत होती. अणुभट्टीतून कारखान्यापर्यंत ऊब आणणारी जी वाहिनी होती, तिची ती प्रमुख. तिने आधी वाहिनीची झडप बंद केली, मग धावत पॅकिंगकडे आली. पिशव्यांचा पट्टा थांबवला. बायकांना शांतपणे उपाहारगृहाच्या मांडवात जाऊन बसायला सांगितलं. "कुणी घरी जाऊ नका. काय झालं ते कळलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन," ती म्हणाली. या एका भोंग्याने काय काय बुडू शकतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वरणखेडे हे तापीच्या काठावरचं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं. हेमांगीचे वडील तिथे होते, थोरला भाऊ दिगंबरही तिथेच लागला. कोळशाने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी उलटवणाऱ्या यंत्रावर तो पाळीप्रमुख होता. मग जुनी केंद्रं एकेक करून बंद झाली, तसं हेही झालं. दोन हजार माणसांचं काम गेलं. केंद्राच्या जागेवर लहान अणुभट्टी येणार असं जाहीर झालं तेव्हा गावाने फटाके वाजवले.

अशा भट्ट्या जागेवर बांधत नाहीत. त्या दूर कुठेतरी कारखान्यात एकसारख्या तयार होतात आणि तुकड्यातुकड्यांनी लांबलचक ट्रेलरवरून येतात. वरणखेड्याची भट्टी आली त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली होती. जुन्या बॉयलरशेजारी खोल विहीर खणून तिला पाण्यात उतरवलं. तिची खुबी अशी, की वीज गेली, पंप बंद पडले, जवळ एकही माणूस उरलं नाही, तरी ती तापून वितळत नाही. गरम पाणी वर चढतं आणि गार खाली उतरतं, एवढ्या साध्या नियमावर ती स्वतःला थंड करत बसते.

पण स्वतःची काळजी घेणाऱ्या यंत्राला माणसं कमी लागतात. दोन हजारांच्या जागी सत्तर जण घेतले गेले. त्या सत्तरात हेमांगी होती. दिगंबर नव्हता.

"तुमच्या भट्टीने गाव खाल्लं," तो बहिणीला म्हणाला, आणि त्यानंतर त्याने तिच्या क्वार्टरची पायरी चढणं सोडलं. हायवेवर त्याने ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. निरोप असला तर तो त्याच्या बायकोकडून, सरोजवहिनींकडून यायचा.

ते वाक्य हेमांगीच्या मनात रुतून बसलं. त्यातूनच वाहिनीची कल्पना निघाली. भट्टीत जेवढी उष्णता तयार होते तिच्या तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते, बाकीची ऊब हवेत सोडून द्यावी लागते. त्यातून सौर वीज इतकी मुबलक झाली होती की भर दुपारी भट्टीची वीज कुणालाच नको असायची. दिवसभर भट्टी मंद ठेवायची आणि ऊन उतरलं की वाढवायची, असा खेळ चालायचा. हेमांगीने वरिष्ठांपुढे सरळ प्रश्न ठेवला. दिवसा ही वाफ विजेसाठी नको असेल, तर ती गावाला का देऊ नये?

गावाकडे केळी होती. घड बाजारात जाताना डागी, आखूड, वाकडा म्हणून जो माल मागे राहतो तो उकिरड्यावर जायचा. तो कापून वाळवला की उत्तम पीठ होतं. पण वाळवायला ऊब लागते, आणि जळण विकत घेऊन ते कुणाला परवडत नव्हतं. आता ऊब जवळपास फुकट होती. एक कारखाना उभा राहिला, मग केळीच्या सोपटापासून धागा काढणारा दुसरा. खोकी करणारे आले, गाड्या आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या. ऊब दिवसाच मिळायची म्हणून काम दिवसाचंच असायचं, आणि म्हणून घराबाहेर कधी कामाला न गेलेल्या बायकासुद्धा आल्या. भट्टीने सत्तर जणांना काम दिलं, तिच्या उरलेल्या उबेने हजाराच्या वर लोकांना. दिगंबरच्या दुकानापुढे केळीच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची. त्या रांगेचा भट्टीशी काही संबंध आहे हे मात्र तो मान्य करत नसे.

पिठाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं लहान बाळांचा आहार बनवणारी एक कंपनी. ती कमान तिच्याच आग्रहाने बसवली होती.

"वाहिनीत काही नाही," तासाभराने हेमांगी प्रकल्पप्रमुख सबनीसांना सांगत होती. सबनीस पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. भोंग्याची बातमी मिळताच त्या भट्टीच्या इमारतीतून थेट कारखान्यात आल्या होत्या. "मी तिन्ही फेऱ्यांतलं पाणी तपासलं. स्वच्छ आहे."

भट्टीचं पाणी कारखान्यात येतच नव्हतं. एका बंद फेऱ्यातलं पाणी नळीच्या भिंतीतून दुसऱ्या फेऱ्याला ऊब देत होतं, दुसरा तिसऱ्याला. पाणी पाण्याला कुठेही भेटत नव्हतं. शिवाय बाहेरच्या फेऱ्याचा दाब मुद्दाम जास्त ठेवला होता. चुकून एखाद्या नळीला भोक पडलंच तर बाहेरचं स्वच्छ पाणी आत जाईल, आतलं बाहेर येणार नाही.

"आणि पिशव्या?"

"त्याही स्वच्छ. एकेक पिशवी दूर नेऊन तपासली. काही नाही."

"मग कमान वाजली कशाने?"

हेमांगीने हातातलं छोटं यंत्र पुढे केलं. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. माणसाच्या बोटाच्या ठशासारखीच ती पदार्थाची ओळख. भोंगा वाजत होता तेव्हा कमानीने जो ठसा टिपला होता, तो या यंत्राने ओळखला होता.

सबनीसांनी नाव वाचलं आणि भुवया उंचावल्या. "टेक्नेशियम?"

"तेही एकटं. भट्टीतून काही बाहेर पडलं असतं तर त्याच्यासोबत त्याची दहा भावंडं आली असती. हे एकटंच येतं ते दवाखान्यातून. हृदय, हाडं, थायरॉइड यांची चित्रं काढताना शिरेतून टोचतात. माणसाला त्याने अपाय होत नाही. सहा तासांत निम्मं होतं, आणखी सहा तासांत त्याच्या निम्मं. दोन-तीन दिवसांत मागमूस उरत नाही."

"म्हणजे आपल्या कुणा कामगाराची काल-परवा तपासणी झाली, आणि ती पॅकिंगला येऊन उभी राहिली."

"हो."

सबनीस खुर्चीत टेकल्या. क्षणभर दोघींनाही हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेर फाटकाशी गर्दी जमत होती. 'वरणखेड्यात गळती' असे मजकूर फोनवरून जिल्हाभर फिरले होते. कंपनीचे खरेदी अधिकारी तांबोळी संभाजीनगरहून निघाले होते.

"बाहेर जाऊन एवढंच सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?" सबनीस म्हणाल्या. "म्हणतील, यांनी गोष्ट रचली. ती बाई दाखवायला हवी. कमान आहेच. मांडवातल्या सगळ्या जणींना एकेक करून खालून जाऊ दे. दहा मिनिटांचं काम."

"मॅडम, नको."

"का?"

"काय म्हणून तपासायचं त्यांना? चोर म्हणून? जिच्यावर भोंगा वाजेल तिचं दुखणं गावासमोर येईल. तिने ते कुणाला सांगितलं नसेल, त्याला काही कारण असेल. कारखान्याने तिच्या अंगाची झडती घ्यावी, हे मला पटत नाही."

"हेमांगी, तो माल बाळांसाठी आहे. कंपनी गेली की दोन महिन्यांत कारखाना बंद. मग मांडवातल्या सगळ्याच जणी घरी जातील, जिचं दुखणं लपवायचं ती धरून." सबनीसांचा आवाज चढला नव्हता. "आणि वेळही नाही. तूच सांगतेस, ते दर तासाला कमी होतंय. उद्यापर्यंत कमान तिला ओळखणारही नाही. मग आपल्या हातात काय उरणार?"

हे खरं होतं. पुरावा विरघळत चालला होता. हेमांगी खिडकीशी गेली. "मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली. "विचारून बघते. कुणी आपण होऊन पुढे आलं तर ठीक."

"तांबोळी येईपर्यंत," सबनीस म्हणाल्या. "मग मला ठरवावं लागेल."

पॅकिंगच्या पर्यवेक्षिकेला हेमांगीने सहज विचारलं, सकाळी पट्ट्यापाशी रोजच्याच जणी होत्या का? "एक नवी होती," ती म्हणाली. "कल्पना रजेवर म्हणून कापणीतून सरोजताईंना आणलं. त्या आल्या अन् लगेच हे झालं बघा. बिचाऱ्या घाबरूनच गेल्या."

सरोजवहिनी. काल वहिनी रजेवर होत्या. जळगावला माहेरच्या लग्नाचा बस्ता बांधायला जाते, असं दादाला सांगून गेल्या होत्या. गेल्या महिन्यात बाजारातून येताना पुलाच्या चढावर त्या मध्येच थांबल्या होत्या, छातीवर हात ठेवून. "काही नाही हो ताई, पित्त आहे," म्हणाल्या होत्या. हेमांगीने तेव्हा त्यावर विश्वास ठेवला होता.

मांडवात बायका घोळक्याने बसल्या होत्या. कुणी पोराला फोन लावत होतं, कुणी पदराने डोळे पुसत होतं. वहिनी कोपऱ्यातल्या बाकावर एकट्याच होत्या. सगळ्यांपासून चार हात दूर. हेमांगीच्या लक्षात आलं, त्या मुद्दाम दूर बसल्या आहेत.

"वहिनी, जरा बाहेर येता?"

दोघी मांडवामागच्या कडुलिंबाखाली आल्या. हेमांगी काही बोलणार तोच वहिनी म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं ना?"

हेमांगीने मान डोलावली.

"दवाखान्यात चिठ्ठी दिली होती. दोन दिवस तान्ह्या पोरापासून, पोटुशी बाईपासून लांब राहा म्हणून. मी राहिले. रात्री सून बाळाले घेऊन माहेरून येणार होती, तिले म्हटलं आठ दिवसांनी ये. पण कारखान्याचं काही लिहिलं नव्हतं त्यात. कमानीचं माझ्या ध्यानातच नाही आलं ताई. भोंगा वाजला अन् मग आठवलं." त्यांनी कारखान्याकडे बघितलं. "पिठात काही गेलं का माझ्यातलं? लेकरं खातील ते..."

"काही नाही गेलं. एक कणही नाही. पिशव्या तपासल्या मी. दिव्याजवळ भांडं ठेवलं तर भांड्यावर उजेड पडतो, दिवा काही भांड्यात जात नाही. तसंच हे. तुम्ही तिथून हललात की उजेड गेला."

वहिनी खाली बसल्या. हेमांगीही शेजारी मातीत बसली.

"काय सांगितलं डॉक्टरांनी?"

"रिपोर्ट उद्या येणार आहे. पण त्यांचा चेहरा बघून समजलं मले. वर्ष झालं हो, जिना चढले की दम लागते."

"आणि दादाला सांगितलं नाही?"

"कसं सांगू? त्यांनी लगेच काम सोडायला लावलं असतं." वहिनी मातीत बोटाने रेघा ओढत होत्या. "ताई, तुमचं वेगळं आहे. तुम्ही शिकल्या, पहिल्यापासून नोकरी करू राहिल्या. मी सत्तेचाळीस वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा कामाले निघाले. सकाळी डबा घेऊन तिघी-चौघी बोलत येतो ना आम्ही, तेवढा रस्ता माझा असते. घरात नुसती बसले तर दुखणं राहील बाजूले, मी तशीच मरीन."

हेमांगीने त्यांचा हात हातात घेतला. हात थंड होता. तिला दादाची आठवण झाली, फाटकाबाहेरच्या गर्दीची, सबनीसांच्या प्रश्नाची. हजार माणसांचा रोजगार या थंड हाताच्या मुठीत होता, आणि तो उघडायला लावणं तिला शक्य होतं. नुसतं 'गावासाठी करा' म्हणायचं. वहिनी नाही म्हणणार नव्हत्या. आयुष्यभर त्या कुणाला नाही म्हणाल्या नव्हत्या.

म्हणूनच तिने ते म्हटलं नाही.

"मला कळलंय हे मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "मॅडमना नाही, दादालाही नाही. सगळ्यांची झडती घ्यायची वेळ आली तर मी आडवी येईन. तुम्ही मागच्या दाराने घरी जा, आराम करा. पण एक ऐका. उद्या रिपोर्ट आणायला मी तुमच्याबरोबर येणार."

"अन् कारखाना?"

"बघू काय करता येतं ते. महिनाभर पीठ तपासून तपासून दाखवू."

"ऐकतील लोक?"

हेमांगी खोटं बोलू शकली नाही. "माहीत नाही."

फाटकाशी आता दोनेकशे माणसं होती. तांबोळींची गाडी त्या गर्दीतून वाट काढत आत आली. तांबोळी उतरले, आणि सबनीसांनी त्यांना कमानीच्या नोंदी, पिशव्यांच्या चाचण्या, सगळं फाटकापाशीच, सगळ्यांसमोर दाखवायला घेतलं. माणूस सरळ होता. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"मॅडम, तुमच्या आकड्यांवर माझा अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण उद्या एखादी आई मला विचारेल, तेव्हा मी तिला आकडे दाखवू शकत नाही. 'कुणीतरी एक बाई होती' एवढ्यावर माझी कंपनी माल उचलणार नाही."

"रचलेलं आहे सगळं!" गर्दीतून आवाज आला. पुढच्या रांगेतून दिगंबर फाटकाच्या गजांना धरून ओरडत होता. ऑइलने माखलेले कपडे तसेच होते, दुकान उघडं टाकून आला होता. "हेमा! माझी बायको आत आहे! फोन उचलत नाही! काय केलं तुम्ही लोकांनी तिचं?"

कित्येक वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. हेमांगी फाटकाशी गेली.

"वहिनी ठीक आहेत, दादा. मी आत्ताच बोलले त्यांच्याशी."

"मग बाहेर काढ तिले! तुले काय, तुमची भट्टी वाचली पाहिजे. माणसं मेली काय अन् जगली काय!"

तिला सगळं सांगून टाकता आलं असतं. एका वाक्यात त्याचं तोंड बंद झालं असतं. ती गज धरून उभी राहिली. मागून सबनीसांची हाक आली. "हेमांगी, आता थांबता येणार नाही. मांडवातल्या सगळ्यांना बोलाव."

"मी नाही बोलावणार, मॅडम."

"मग मी बोलावते."

"कोणाले बोलवायची गरज नाही," कुणीतरी म्हणालं.

सरोजवहिनी पॅकिंगच्या मोठ्या दारात उभ्या होत्या. मागच्या दाराने घरी गेल्या नव्हत्या. कपाळावरचा घाम पुसून, पदर खोचून त्या सावकाश चालत अंगणात आल्या. दार सताड उघडं होतं. आतली कमान फाटकाबाहेरच्या माणसांनाही स्पष्ट दिसत होती.

"साहेब," त्या तांबोळींना म्हणाल्या, "ती बाई मी. सरोज दिगंबर भंगाळे. परवापर्यंत केळी कापत होते, आज पॅकिंगले उभं केलं. काल जळगावले माझ्या काळजाचा फोटो काढला. त्यासाठी सुई टोचली, तिच्यातलं औषध अजून माझ्या अंगात आहे. तुम्ही नुसतं बघा."

त्या वळल्या आणि कमानीकडे चालू लागल्या. वहिनी कमानीखाली पोचल्या तसा लाल दिवा लागला आणि भोंगा कर्कशपणे वाजू लागला. एक बाई नकळत मागे सरली. वहिनी पलीकडे निघून गेल्या, दूर भिंतीपर्यंत. भोंगा थांबला. त्या परत आल्या, पुन्हा भोंगा. बाहेर आल्या, शांत.

"आता पिशव्या पाठवा," त्या म्हणाल्या.

हेमांगीने पट्टा चालू केला. सकाळच्या त्याच पिशव्या एकामागून एक कमानीखालून गेल्या. दिवा लागला नाही.

"आणखी एकदा जाऊ का?" वहिनींनी विचारलं. त्यांना दम लागला होता. "उद्या ये म्हणाल तर नाही वाजायचं हं. आजच काय ते बघून घ्या."

मांडवातून कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी. हसू अंगणभर पसरलं. तांबोळींनी स्वतः खुर्ची आणून वहिनींना बसायला दिली आणि हात जोडले. "ताई, आता मी सांगू शकेन," ते म्हणाले. "तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

"घ्या की. आता काय लपवायचं राहिलं?"

पण त्या तांबोळींकडे बघत नव्हत्या. फाटकाकडे बघत होत्या. पहारेकऱ्याने फाटक उघडलं होतं आणि दिगंबर आत आला होता. तो बायकोसमोर येऊन उभा राहिला. रागावेल, ओरडेल, असं सगळ्यांना वाटलं. ऑइलचे हात शर्टाला पुसून तो तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"काळजाचा फोटो?" तो म्हणाला. "अन् मले बस्ता सांगितला?"

"तुम्ही काम सोडायला लावलं असतं."

"लावलं असतं," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "आता नाही लावत. पण चल घरी."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला तिघंही गेले. वहिनींच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळपास बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने काढले असते तर रस्त्यातच काहीतरी झालं असतं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दिगंबर आणि हेमांगी शेजारी शेजारी बसले होते. त्याने विचारलं, "त्या दिवशी फाटकाशी मी बोललो, तेव्हा तुले माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं काबरं नाही? मी एवढं वाईट बोललो तुले. कारखाना हातचा चालला होता."

"कुणाला सांगणार नाही, असा त्यांना शब्द दिला होता."

दिगंबरने मान डोलावली. समोरच्या बंद दाराकडे बघत तो म्हणाला, "माझ्या घरातलं माणूस तू माझ्यापेक्षा जास्त सांभाळलं." हेमांगीने पिशवीतून डबा काढला, आणि दोघांनी एकाच डब्यातून पोळी-भाजी खाल्ली.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. बाळआहाराच्या कंपनीने महिनाभर माल रोखून धरला, पण उचलला. दक्षिणेतलं एक गिऱ्हाईक मात्र कायमचं गेलं. 'अणूची केळी' असं हिणवणारे अजूनही भेटत. सबनीसांनी एके दिवशी सगळ्या बायकांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, की ती झडती घ्यायचं ठरवणं चुकलं होतं. मग नियम केला. दवाखान्यात अशी तपासणी झाली तर फक्त कारखान्याच्या परिचारिकेला कळवायचं, दोन दिवस भरपगारी रजा, कारण कुणी विचारणार नाही. पहिल्या महिन्यात नऊ जणी परिचारिकेकडे गेल्या. तपासणी झालेली त्यांतली एकही नव्हती. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी सांगायला त्या आल्या होत्या.

वहिनी तीन महिन्यांनी कामावर परतल्या, बसून करायच्या कामावर. तोवर दुसऱ्या वाळवणी-शेडचा पाया भरला गेला होता. तिथले सरकते पट्टे बसवायचं आणि त्यांची देखभाल करायचं काम निघालं, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत दिगंबर होता. "कोळशाचा पट्टा काय अन् केळीचा काय," तो हेमांगीला म्हणाला, "माल तेवढा वेगळा." वाघिणींच्या यंत्रावरचे त्याचे चार जुने सोबती त्याने हाताशी घेतले.

काम मिळालं त्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या क्वार्टरवर आला. चहा झाला. मग जरा संकोचून म्हणाला, "ती तुमची भट्टी बघायला मिळते का कोणाले?"

हेमांगीने परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पाहुण्यांच्या सज्जात नेलं. जाड काचेतून त्याने खाली पाहिलं. खोल विहिरीत संथ, निळसर पाणी होतं. वर काही दिवे, भिंतीलगत एक रिकामी पायवाट. माणूस कुठेच नव्हता.

"कुठं आहे?"

"पाण्याखाली."

तो कान देऊन उभा राहिला. "आवाज बी नाही."

"नाही."

"आमचं यंत्र वाघीण उलटवायचं ना, तर पार नदीपलीकडं ऐकू जायचं." तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीला कुणीच लागत नाही, हे त्याला अजूनही थोडं खुपत होतं, ते तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "मग इथं माणसं करतात काय?"

"इथे फारसं काही नाही," हेमांगी म्हणाली. "इकडे ये."

तिने त्याला सज्जाच्या दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी नेलं. ती बाहेर उघडत होती. पाळी सुटली होती. कारखान्याच्या दारातून बायका बाहेर पडत होत्या, रिकामे डबे हलवत, मोठ्याने बोलत. ट्रॅक्टर हॉर्न वाजवून त्यांच्यातून वाट काढत होते. त्या गलबल्यात सरोजवहिनी दोघींच्या मधोमध चालत होत्या. पुलाच्या चढाशी त्या पोचल्या आणि न थांबता, बोलत बोलत, वर चढून गेल्या.

दिगंबरने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले. त्या पलीकडे उतरून दिसेनाशा होईपर्यंत तो बघत होता.